वजाबाकीची कला : फुमितो उएदा आणि ‘टीम इको’

तत्त्वज्ञानाच्या माणसाने व्हिडिओ गेमवर बोलावे का, असे मागच्या वेळी काहींनी विचारले. आज बोलूनच बघू.

कलाशाखेचा पदवीधर फुमितो उएदा १९९७ साली सोनीत आला. त्याच्या मनात एकच चित्र होते : मुलगा एका मुलीचा हात धरून चालला आहे. पहिल्या प्लेस्टेशनला ते झेपेना, म्हणून काम प्लेस्टेशन २ वर नेले, आणि २००१ मध्ये ‘इको’ आला. या गटाला पुढे ‘टीम इको’ म्हणू लागले. उएदाची रीत वजाबाकीची : मूळ कल्पनेला जे लागत नाही ते काढून टाकायचे. ‘इको’त बटण दाबून ठेवाल तोवरच तिचा हात तुमच्या हातात राहतो. बोट सैल पडले की हात सुटला!

२००५ च्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये ही वजाबाकी फार पुढे गेली. मृत मुलीला परत आणायचे तर सोळा महाकाय मारायचे. मधे किरकोळ शत्रू नाहीत. नुसते माळरान, घोडा आणि वारा. इतर खेळांत त्या किरकोळ मारामारीतच प्रश्न बुजून जातो. इथे दोन हत्यांच्या मधे विचाराला भरपूर वेळ मिळतो.

चाहते म्हणतात, हा खेळ आपल्याला अपराधी करतो. आम्हाला हे पटत नव्हते. कान्टला धरून बोलायचे तर ‘करायला हवे’ यात ‘करता येते’ हे गृहीत असते. इथे न मारण्याची सोयच नाही. बंद करणे एवढाच पर्याय. मग अपराध कसला?

आमची बोटे आता चपळ नाहीत. नात खेळली, आम्ही शेजारी बसून पाहिले. तेरावा महाकाय वाळवंटावर तरंगत असतो, तो हल्ला करतच नाही. बाण ताणून ती थांबली. म्हणाली, “आजोबा, हा तर काहीच करत नाही हो.” मग सोडलाच बाण. का? तर चौदावा बघायचा होता! तेव्हा आमचा आक्षेप डळमळला. पर्याय नव्हता हे खरे, पण उत्सुकता तर तिचीच होती. आणि खोटे कशाला बोला, आमचीही होती. खेळ बोट ठेवतो ते या उत्सुकतेवर.

तिसरा खेळ ‘द लास्ट गार्डियन’. घोषणा २००९ ची, प्लेस्टेशन ३ साठी. उएदा २०११ मध्ये सोनीतून बाहेर पडला, पण बाहेरून काम करत राहिला. खेळ आला डिसेंबर २०१६ मध्ये, तोही प्लेस्टेशन ४ वर. त्यातला ट्रिको हा प्रचंड प्राणी सांगितलेले लगेच ऐकत नाही. पुष्कळ खेळाडू वैतागले. कॅमेऱ्याबद्दलची त्यांची तक्रार रास्तच आहे, पण ट्रिकोबद्दलची आम्हाला मान्य नाही. ‘इको’त हात तुमच्या बटणाने धरला जात होता; इथे दुसऱ्याला स्वतःची मर्जी आहे. हाक मारायची आणि थांबायचे. आमची नात तिथे दहा मिनिटे नुसती हाका मारत बसली होती.