जाखडीतले पाय

मुंबईकर ज्याला बाल्या नाच म्हणतो त्या कोकणातल्या जाखडीत, पायांत चाळ बांधलेला गडी नाचतो तसाच वाजवतोही. मधोमध बुवा, ढोलकी, झांज आणि कोरस बसलेला, भोवती नाचणाऱ्यांचे रिंगण. चाल संथ असते तोवर पाय ढोलकीच्या ठेक्यावर पडत राहतात. कडवे संपत आले की लय चढते, घुंगरांचा नुसता सडा पडतो आणि मग सगळे पाय एकदम थांबतात. त्या थांबण्याला लागणारा नेमकेपणा तबलजीच्या तिहाईपेक्षा कमी नाही. रिंगणही केवळ शोभेचे नसते, मध्ये बसलेल्या गाणाऱ्याला त्यामुळे ठेका चारी बाजूंनी ऐकू येतो. ध्वनिवर्धक नव्हते तेव्हा अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसापर्यंत लय पोचवायला ढोलकीला या घुंगरांची साथ होती. असे असूनही या कलेत पायांना कारकीर्द नाही. जाखडीत नाचणाऱ्याची बढती व्हायची ती नाच सोडून गायला बसल्यावर. उपनगरांतल्या रंगमंचांवर आज या कलेचे जे रूप दिसते, त्याचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते.

जाखडी कलगी-तुऱ्याच्या परंपरेशी जोडली गेली आणि तिचा तराजू एका बाजूला झुकला. शक्तीवाले म्हणजे कलगीवाले आणि तुरेवाले, एक पक्ष शक्तीचे श्रेष्ठत्व सांगणारा, दुसरा शिवाचे. मग गण, गवळण आणि सवाल-जवाबांची झुंज. या झुंजीत हार-जीत ठरते ती शब्दांवर. कोणत्या शाहिराने कोणती पौराणिक कोडी घातली, कोणाला उत्तर सुचले नाही, कोणी गुरूचे नाव राखले, याची चर्चा सामन्यानंतर चालते. रिंगणात कोणाचा पाय चुकला, कोणत्या गावच्या मंडळाने कोणती नवी चाल बसवली, हे बोलायला भाषाच तयार झाली नाही. शाहिराला गुरुपरंपरा आहे. पदे वहीत उतरवली जातात, एका पिढीकडून दुसरीकडे जातात. पायांची वही नाही. पोरगा मोठ्यांच्या मागे उभा राहून शिकतो आणि श्रावणात महिनाभर तालीम झाली की गणपतीत नाचतो.

गाव आणि मुंबई यांच्यातली ये-जा चालू होती तोवर एवढे शिक्षण पुरत होते. परळ-लालबागच्या चाळींत एकाच वाडीची माणसे शेजारी-शेजारी राहत, गिरणीची पाळी संपली की तालमीला जमत. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे जग विस्कटले आणि कोकणी कुटुंबे भांडुप, घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली आणि त्याही पलीकडे नालासोपारा-विरार-दिव्याकडे पांगली. आता एका मंडळातले गडी तीन वेगवेगळ्या रेल्वेमार्गांवर राहतात. गाणे फोनवर पाठवता येते, घरी पाठ करता येते. दहा जणांचे पाय एका ठेक्यात आणायचे तर दहा जण एका जमिनीवर एकत्र यावे लागतात, आणि पुनर्विकासात चाळींची अंगणे गेल्यावर ती जमीनच दुर्मीळ झाली. (टॉवरमधल्या सभागृहात चाळ बांधून नाचायची परवानगी मागून पाहावी!)

अशा वेळी विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे कालिदास ही महापालिकेची नाट्यगृहे कोकणी कलांच्या कामी आली. यावर कोणी म्हणेल की मग तक्रार कशाची? तिकीट काढून लोक शक्ती-तुऱ्याचा सामना बघायला येतात, स्त्री-शाहीर पुढे येत आहेत, मुलींची नाचाची पथके उभी राहिली आहेत, यूट्यूबवर सामने पाहिले जातात. मरणपंथाला लागलेल्या कलेची ही लक्षणे नव्हेत. मान्य. जाखडी मरते आहे असे माझे म्हणणेच नाही. ती जगते आहे, पण पाय सोडून. नाट्यगृहात प्रेक्षक एकाच बाजूला असतात, त्यामुळे रिंगण उलगडून रांगा झाल्या आणि गायक मागे किंवा कडेला गेले. रिंगणाच्या मध्यावर बसून चहूबाजूंनी लय घेणारा बुवा आता ती ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डकडून घेतो. माईक तोंडाशी आणि वाद्यांशी असतात. लाकडी मंच पायांचा आवाज मातीच्या अंगणापेक्षा चांगला उचलतो, पण त्या मंचाशी माईक ठेवायचे कोणाला सुचत नाही. घुंगरांचा बारीक आवाज कीबोर्डच्या झंकारात विरून गेला की पाय फक्त दिसायचे उरतात. मग हातवारे वाढतात, पोशाख चमचमतो, चित्रपटातल्या उड्या येतात. याबद्दल पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचे काम कोणाला ऐकूच येत नाही, तो दिसण्यावरच भर देणार.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे: जाखडी सांघिक आहे, देवापुढची आहे, तिच्यात व्यक्तीचे नाव शोधणे हाच शहरी चष्मा. यात तथ्य आहे, पण अर्धेच. सांघिकतेचा नियम शाहिराला कधी लागू झाला नाही. सामन्याच्या पत्रकावर शाहिराचे नाव, गुरूचे नाव, गावाचे नाव ठळक असते, बहुधा ढोलकीवाल्याचेही. नाचणारे 'आणि मंडळ' यात येतात. तिकीट लागले की प्रसंग देवापुढचा राहत नाही, आणि व्यवसायात नाव असणे म्हणजे बोलावणे आणि बिदागी असणे. लावणीचा इतिहास इथे बोलका आहे. तिथेही घुंगरू ढोलकीशी झुंजतात, पण तिथे नाचणारी स्त्री नावाने ओळखली गेली. वाईच्या यमुनाबाईंना 1977 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. राज्य शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने दिला जातो. हा मान उशिरा आला, हालअपेष्टांनंतर आला, समाजाने त्यांना वागवले ते लाजिरवाणेच होते. तरीही पुढच्या मुलीला कोणाचे नाव घेऊन शिकायचे ते कळले. अमेरिकेत बूट आपटून ताल वाजवणाऱ्या टॅप नर्तकांत बिल रॉबिन्सन इतका मोठा ठरला की त्याचा जन्मदिवस, 25 मे, तिथे 1989 पासून राष्ट्रीय टॅप नृत्य दिन आहे. टॅपही गल्लीबोळातून, गरिबांच्या पायांतून आलेला. जाखडीच्या दीडशे नर्तकांची नावे सोडा, एकाचे तरी नाव रत्नागिरीबाहेर कोणी सांगावे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. मंचालगत दोन माईक ठेवायला पैसे लागत नाहीत, इच्छा लागते. एखाद्या गाण्यापुरते तरी कीबोर्ड बंद ठेवून रिंगण धरता येईल, बुवांना मध्ये बसवता येईल. कालिन्याच्या विद्यापीठ परिसरात मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. गुहागर, संगमेश्वर, राजापूर, लांजा या तालुक्यांतल्या मंडळांच्या चाली पायांसकट चित्रित करून, बोल लावून नोंदवून ठेवणे तिच्या आवाक्यातले काम आहे, आणि जुने नाचणारे गुरू म्हणून मानधनावर बोलावणेही. सामन्यांच्या आयोजकांकडून मात्र याहून साधी अपेक्षा आहे. येत्या गणपतीआधी बोरिवली-मुलुंडच्या सामन्यांची पत्रके छापायला जातील, तेव्हा शाहिरांच्या खाली नाचणाऱ्या प्रत्येकाचे नाव गावासह छापावे.