कुठले टिळक?

वैदिक आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, असं सांगणारं लोकमान्य टिळकांचं ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे १९०३ सालचं पुस्तक हल्ली वाचलं कमी जातं आणि फॉरवर्ड जास्त होतं. काहींच्या लेखी लोकमान्य म्हणाले म्हणजे विषय संपला. काही म्हणतात, राजकारणातला माणूस, त्याला हिमयुगातलं काय कळणार? दोघेही टिळकांना एकदाच मार्क देऊन मोकळे होतात. मी पुस्तक वाचत गेलो तसे माझे मार्क बदलत गेले.

गणित तर टिळकांचं घरचंच. डेक्कन कॉलेजातून ते गणित घेऊन बी.ए. झाले. ‘ओरायन’मध्ये (१८९३) त्यांनी संपातबिंदूच्या गतीवरून, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश या हिशेबाने, वेदांचा काळ इसवीसनपूर्व ४०००च्या आसपास नेला. त्याच सुमारास जर्मनीत हेरमान याकोबीही स्वतंत्रपणे तिथेच पोचले. संपाताचा हिशेब कुणीही तपासावा. पण वेदवचनांत तो संपात खरंच सांगितलाय का, हा वेगळा प्रश्न. भाषेचे अभ्यासक इतका जुना काळ मानत नाहीत. एकाच पानावर गणिती टिळक आणि अर्थ लावणारे टिळक बोलत असतात. पहिल्यांशी मी भांडत नाही, दुसऱ्यांकडे पुरावा मागतो.

‘आर्क्टिक’मध्ये तिसरे टिळक भेटतात, भूगर्भशास्त्र उसनं घेणारे. हिमयुग कधी संपलं? जेम्स क्रोल यांच्या हिशेबाने ८० हजार वर्षांपूर्वी, अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते दहाएक हजार वर्षांपूर्वी. टिळकांनी अमेरिकनांचं ऐकलं. ते त्यांच्या सोयीचंही होतं म्हणा. पण आज हा शेवट सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी धरतात, म्हणजे परक्या विषयातली निवड चांगलीच निघाली!

घोळ पुढे आहे. टिळकांच्या मांडणीत ध्रुवाकडचं सुखाचं हवामान हिमयुग आल्यामुळे संपतं आणि आर्य घर सोडतात. मग तारीख हवी हिमयुग सुरू झाल्याची. त्यांनी घर उद्ध्वस्त झाल्याचा काळ दिला इसवीसनपूर्व १०००० ते ८०००, जेव्हा बर्फ ओसरत होतं. या दोन टोकांमध्ये आज लाखभर वर्षांचं अंतर मानतात. हा आकडा १९०३ मध्ये टिळकांना कुठून कळणार? पण हिमयुग किती काळ टिकलं, हे विचारता आलं असतं. ज्या क्रोलना त्यांनी बाजूला सारलं, त्यांनी ते १ लाख ६० हजार वर्षांचं धरलं होतं. पंचांगात अंशाअंशाचा हिशेब मागणारा हा माणूस इथे सहज पुढे निघून जातो.

तरीही पाचवं प्रकरण, वैदिक उषांवरचं, जरूर वाचा. तैत्तिरीय संहितेतल्या तीस उषांचं काय करायचं, हे टिळक एखाद्या निष्णात वकिलासारखं उलगडत नेतात. ध्रुव मान्य नसला तरी ती पानं खाली ठेववत नाहीत.