पत्त्यांची यादी आणि एक आडवी रेघ

जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य मिळते. संपूर्ण लिनक्स प्रणाली स्वतःच्या हाताने कशी उभारावी, हे ते पायरीपायरीने सांगते. संगणक आतून समजून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही उत्तम प्रयोगवही आहे. तरीही, प्रणाली बिघडल्यावर लागणाऱ्या दोन गोष्टींवरून ते घाईने पुढे जाते, असे आम्हाला वाटते. आमच्यासमोर २०२४ ची १२.२ ही सिस्टिम व्ही प्रकारची आवृत्ती आहे.

पहिली गोष्ट 'सिस्टिम डॉट मॅप' ही फाइल. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. त्यातील हजारो फंक्शनांची नावे आणि स्मृतीतील त्यांचे पत्ते या फाइलीत असतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रस्त्यांना व भूखंडांना क्रमांक आहेत. पण कोणत्या भूखंडावर काय आहे, हे कळायला यादी लागते. यादी जुनी असेल, तर सॉफ्टवेअर कंपनीच्या जागी ती बंद पडलेल्या कारखान्याचे नाव सांगेल. म्हणून प्रत्येक कर्नेलची यादी वेगळी. पुस्तक एवढ्या मोठ्या विषयाची एक-दोन वाक्यांत बोळवण करते. शिवाय सुरक्षेसाठी २०१७ च्या ४.१२ आवृत्तीपासून इंटेल जातीच्या यंत्रांवर कर्नेल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर बसवले जाते. जणू सर्व भूखंडांचे क्रमांक रोज सकाळी एकाच आकड्याने पुढे सरकतात! कर्नेलच्या मांडणीत पुस्तक याचा थोडक्यात उल्लेख करते, पण या यादीच्या संदर्भात नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. सिसलॉगच्या मांडणीत पुस्तक प्रत्येक नोंदफाइलीच्या नावाआधी एक आडवी रेघ देते. तिचा अर्थ, प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर पक्की करू नये. त्यामुळे डिस्कचे काम वाचते. पण यंत्र अचानक बंद पडले, तर शेवटच्या, म्हणजे नेमक्या हव्या असलेल्या नोंदी हरवू शकतात. ही रेघ समजावलेली नाही. विद्यार्थी ती तशीच उतरवतो.

शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वापरावे. मात्र प्रणाली सुरू झाली म्हणजे पाठ संपला, असे मानू नये. चालू कर्नेल स्वतःजवळ 'कॅलसिम्स' नावाची यादी ठेवते. मुख्य वापरकर्ता म्हणून ती उघडून दोन फंक्शनांचे पत्ते फाइलीशी ताडावेत. यंत्र पुन्हा सुरू करून परत ताडावेत. पत्ते बदललेले दिसतील, दोघांमधील अंतर तेच राहील. हा दहा मिनिटांचा प्रयोग पुस्तकात हवा होता.