गंगेचा रोहू, पण कोणत्या गंगेचा?

नांदेडकडचे मासेमारीचे रील्स मी भरपूर पाहतो. विष्णुपुरीच्या जलाशयाचा काठ, हातात गळ, तास-तास वाट बघणं. बोली अस्सल, हात सराईत. माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. मासा वर येतो, काट्यावर चढतो, आकडा दिसतो आणि रील संपतं.

दिवाळीत मामाला असंच एक दाखवलं. खाली लिहिलेलं, ‘आपल्या गंगेचा रोहू’. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मामा हसला. “बरोबरच लिहिलंय की. गंगेचाच आहे तो. पण तिकडच्या गंगेचा.”

मामाचं खरं आहे. रोहू आणि मृगळ मूळचे उत्तरेतल्या नद्यांमधले. दख्खनच्या नद्यांत ते माणसांनी आणून सोडले. परदेशी पाहुणे वेगळेच. सायप्रिनस १९३९ मध्ये निलगिरीत आला, टिलापिया १९५२ मध्ये भारतात आला, चंदेरा आणि गवत्या १९५९ मध्ये.

पुढचं काम धरणांनी केलं. रोहूला विणीसाठी वाहतं पाणी लागतं, म्हणून जलाशयात दरवर्षी बोटुकली सोडावी लागते. सायप्रिनसला साचलेलं पाणीही चालतं. तो तळाचा गाळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. आपली मरळ काठच्या अशाच वनस्पतींत अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे आटत्या डोहातही तग धरते. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखाला शोभणारा हा मासा. रीलमध्ये मात्र तिची ओळख एवढीच, ‘दीड किलो’.

अमेरिकेतल्या इलिनॉय नदीत बोटीच्या आवाजाने चंदेरा हवेत उड्या मारतो. त्याचेही व्हिडिओ व्हायरल होतात, पण तिथे तो घुसखोर असतो. त्याला मिशिगन सरोवरात जाता येऊ नये म्हणून शिकागोजवळ पाण्यात विजेचा अडथळा उभारलाय. आपल्याकडे त्याच चंदेऱ्याचं बीज तलावात सोडतात.

यात बोटुकली सोडणाऱ्या भोई सोसायटीला दोष देणं सोपं आहे आणि चूकही. तलावाचा ठेका किलोंवरच फिटतो. रील करणाऱ्यावर तशी सक्ती नाही. तरी तोही किलोच मोजतो, हे मला खटकतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्या गोष्टीला तक्त्यात रकानाच नाही, ती पुढे कुणी शोधतही नाही, हे रोज बघतो. या रील्समध्ये एकच रकाना आहे, वजनाचा.

त्या संध्याकाळी मामाने बोटांवर नावं मोजली. मरळ, वाम, शिंगाळा, खवली... अकरापर्यंत गेला. मला त्यातली दोन माहीत होती, तीही ताटातली.

म्हणून रील करणाऱ्यांना एकच सांगणं. काटा दाखवा, पण कट करण्याआधी जाळ्यातून बाजूला टाकलेल्या बारक्या माशांकडे कॅमेरा वळवा आणि शेजारच्या म्हाताऱ्याला त्यांची नावं विचारा. दहा सेकंद जास्त लागतील. तो सांगू शकतोय तोवर विचारा.