अर्पणपत्रिकेतली माणसं कोण?

'गुलामगिरी'वर बोलताना आपल्यातले पुष्कळ जण अर्पणपत्रिकेपाशी येऊन हात जोडतात. 1873 साली जोतीबांनी हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या भल्या लोकांना अर्पण केलं. बरोबरच केलं. पण पुढं आपण समजून चालतो, की ते भले लोक म्हणजे गोरे अन् मिशनरी. इथं माझी हरकत आहे.

1816 ला वॉशिंग्टनात अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी निघाली. बेत काय? गुलामीतून सुटलेल्या काळ्यांना आफ्रिकेत नेऊन वसवायचं. सोसायटीत गुलामांचे मालकही होते. सुटलेला काळा शेजारी नको, म्हणून ही दया! 1822 पासून लायबेरियात वसाहत उभी राहिली. 1833 ला तिथं मेथडिस्ट मिशनरी मेल्व्हिल कॉक्स उतरला अन् काही महिन्यांतच तापानं मेला. त्याच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली 1774 लाच गुलामीविरुद्ध लिहून गेला होता. त्याच पंथाच्या गोऱ्यांनी या बेताला हातभार लावावा?

गावकुसाबाहेर ठेवायची हीच रीत. इथं मधे वेस, तिथं मधे समुद्र.

उत्तरही मेथडिस्टांनीच दिलं, पण काळ्या. रिचर्ड ॲलन जन्मानं गुलाम, पैसे भरून सुटलेला. फिलाडेल्फियातल्या त्याच्या बेथेल चर्चमध्ये जानेवारी 1817 ला सुमारे 3000 काळी माणसं जमली. आफ्रिकेला जायचं का, म्हणून विचारलं. एकानंही हो म्हटलं नाही. ज्या मातीत बापजाद्यांचं रक्त अन् घाम जिरला, तिच्यावर आमचा हक्क आहे, असं त्यांनी ठणकावलं.

लांबची गोष्ट वाटते? आपल्या नाशिकच्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीनं सोडवलेली आफ्रिकन पोरं वाढवली, त्यांना हुन्नर शिकवले अन् 1874-75 च्या सुमारास त्यातल्या कित्येकांना मोंबासाजवळच्या वसाहतीत धाडलं. पंथ वेगळा, वाट तीच.

कुणी म्हणेल, 1942 ला नागपूरच्या परिषदेत आपणही वेगळ्या वसाहती मागितल्याच की. हो, मागितल्या. आपण, आपल्या तोंडानं, आपल्याच देशात. दुसऱ्यानं परस्पर आपलं जहाज भरलं नव्हतं. फरक एवढाच, अन् तोच सगळा.

नकार हा आपल्या साहित्याचा पहिला शब्द, असं आपण म्हणतो. मग बेथेलचा नकार आपल्या समीक्षेत का नको? दोस्तहो, अर्पणपत्रिका पुन्हा वाचा. त्या 3000 जणांना त्यात धरा. भले लोक तेही होते.

– चिखली