हॉफस्टेडचे आकडे जळगावात वापरताना

बहुराष्ट्रीय कंपन्यांतल्या सांस्कृतिक फरकांवर प्रबंध करायचा म्हटला की गीर्ट हॉफस्टेड यांचं 1980 चं 'कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस' टाळता येत नाही. 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या हा त्याचा पाया. कंपनी एकच, म्हणजे उत्तरांतला फरक देशाचा, असा तर्क. तो हुशार आहे, हे आधी मान्य करू.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. जळगावच्या जैन इरिगेशनने इस्रायलच्या नानदान कंपनीत 2007 मध्ये निम्मा हिस्सा घेतला, 2012 मध्ये उरलेलाही. हॉफस्टेडच्या सत्ता-अंतराच्या मापात भारत 77, इस्रायल 13. झालं! 'भारतीय साहेबापुढे गप्प, इस्रायली तोंडावर बोलणारा' असं प्रकरण बसल्या जागी तयार.

पण नानदानची मुळं किबुत्झमधली. तिथली बरोबरी सामूहिक मालकीतून आलेली. तिचं श्रेय अख्ख्या इस्रायलला कसं द्यायचं? आणि 77 हा आकडा त्या काळी आयबीएममध्ये नोकरी मिळालेल्या मोजक्या शिकलेल्या भारतीयांचा. ब्रेंडन मॅक्स्वीनी यांनी 2002 मध्ये हाच प्रश्न विचारला: एका कंपनीवरून देश कसा कळणार?

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतला एखादा कामगार डोळ्यांपुढे आणा. घरी अहिराणी, सुपरवायझरशी मराठी, परप्रांतीय जोडीदाराशी हिंदी. मीटिंगमध्ये तो गप्प आहे. मान राखायचा म्हणून, कंत्राट जाईल म्हणून, की इंग्रजी स्लाइड कळली नाही म्हणून? आकडा तिन्ही गप्पपणांना एकच नाव देतो, 'संस्कृती'. भाषेच्या अडचणीला दुभाषा पुरतो. भीतीला नोकरीची हमी लागते. निदान चुकलं तर कंपनी संस्कृतीवर कार्यशाळा घेते आणि कामगार तिथेही गप्पच बसतो.

देशाचा गुण व्यक्तीला लावू नका, असं हॉफस्टेड स्वतःच बजावतात. आपण प्रबंधात नेमकं तेच करतो, कारण तयार आकडा सोपा पडतो.

म्हणून पुस्तक वाचाच, पण प्रश्नावली उचलण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या मोजा: भाषा, हुद्दा आणि नोकरीची शाश्वती. मुलाखत अहिराणीत घेता आली तर उत्तमच. एवढं करूनही फरक उरला, तर मग त्याला खुशाल संस्कृती म्हणा.