कोंबड्यांचे दार कोणत्या गावच्या सूर्यावर?

अर्नाळ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात वाडीच्या कडेला चार-सहा कोंबड्यांचे खुराडे असणे नवलाचे नाही. दिवसभर कोंबड्या नारळी-केळीत चरतात, तिन्हीसांजेला आपल्या पायांनी खुराड्यात शिरतात आणि घरातले कोणीतरी दार लावते. पण हे ‘कोणीतरी’ आता अनेक घरांत त्या वेळी घरी नसते. मुंबईहून लोकलने विरार आणि तिथून बसने अर्नाळा गाठेपर्यंत अंधार पडलेला असतो. तेवढ्यात उदमांजर किंवा रानमांजर आत शिरले, तर एका रात्रीत खुराडे रिकामे होऊ शकते.

यावर उपाय म्हणून आपोआप उघडणारी-मिटणारी दारे बाजारात आली आहेत. एक लहान मोटर, वरखाली सरकणारी फळी आणि मोटरला ‘आता’ असे सांगणारी यंत्रणा, एवढेच त्यांचे स्वरूप. ही यंत्रणा दोन प्रकारची असते: प्रकाश मोजणारी किंवा घड्याळाने चालणारी. विक्रेते सहसा पहिली अधिक ‘हुशार’ म्हणून विकतात. आमचे मत उलट आहे. अर्नाळ्यापुरते तरी साधे घड्याळच अधिक शहाणपणाचे, आणि त्याचे कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे.

लंडनचा प्रश्न, अर्नाळ्याचे उत्तर

लंडन सुमारे ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरात दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो, तर जूनच्या अखेरीस रात्री सव्वानऊनंतर. उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात, तो तास वगळला तरी साडेचार तासांचा फरक उरतो. तिथे घड्याळावर चालणारे दार सारखे जुळवावे लागते, म्हणून प्रकाश पाहून मिटणारे दार सोयीचे.

अर्नाळा साधारण साडेएकोणीस अंशांवर आहे. इथे वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास आणि सर्वांत उशिराचा जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास होतो. फरक जेमतेम एक तास वीस मिनिटांचा. ऑक्टोबर ते जानेवारी संध्याकाळी सात, मे ते ऑगस्ट पावणेआठ आणि मधल्या महिन्यांत साडेसात अशी वेळ लावली, तर वर्षातून चारदा खटका फिरवून काम भागते. उत्तरेकडच्या देशांची अडचण सोडवणारे यंत्र आपण इथे जादा पैसे मोजून घेतो, तेव्हा आपल्याला नसलेल्या दुखण्याचे औषध घेत असतो.

प्रकाशमापकाची परीक्षा

प्रकाशमापकाला आपण अगदीच नापास करत नाही. त्याच्यावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा, की पावसाळी ढगांनी तो फसतो. हा आक्षेप तपासून पाहू. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. आषाढातल्या काळ्याकुट्ट ढगांखाली तो हजारावर किंवा काही शेकड्यांवर येतो. सूर्यास्ताच्या क्षणी काही शेकडे, आणि त्यानंतर सुमारे तेवीस मिनिटांनी, संधिप्रकाश सरताना, तो तीन-साडेतीन लक्स उरतो. म्हणजे दार दहा लक्सच्या आसपास मिटेल असे जुळवले, तर ढगांनी फसण्याचे कारण नाही. जुळवणी करता येत नसेल आणि यंत्र दोन-तीनशे लक्सलाच दार पाडत असेल, तर मात्र जुलैच्या दुपारी कोंबड्या पावसात बाहेर राहतील.

खरी अडचण दुसऱ्या बाजूने येते. रस्त्यावरच्या किंवा पडवीतल्या दिव्याचा उजेड मापकावर पडला, तर तोही सहज दहा-वीस लक्स भरतो. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण माणसांना ठाऊक आहे; मापकाला दिवा आणि तांबडे यांतला भेद कळत नाही. दार रात्रभर उघडे राहते.

घड्याळही निर्दोष नाही. घरच्या विजेवर चालणारे, आत बॅटरी नसलेले फिरत्या तबकडीचे घड्याळ वीज गेली की थांबते. दोन तास वीज नसेल तर दार त्या दिवशी, आणि पुढेही, दोन तास उशिराच मिटेल. म्हणून घड्याळ बॅटरीवर चालणारे हवे.

बिघडले तर कसे बिघडावे?

या दारांच्या जाहिराती ती कशी चालतात ते सांगतात. घेणाऱ्याने विचारावे ते हे, की बंद पडल्यावर दार कुठे थांबते? अर्नाळ्याची खारी हवा लोखंडाला आणि विजेच्या जोडांना सोडत नाही. लाकडी फळी पावसाळ्यात फुगून खाचेत अडकते. म्हणजे दार कधीतरी अडकणार हे धरूनच चालावे. उघडे अडकले तर रात्रीची शिकार. मिटलेले अडकले आणि महिना मे असेल, तर पत्र्याच्या खुराड्यात कोंबड्या उकाड्याने मरतील. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१-४२ अंश सेल्सिअस असते आणि तिला घाम येत नाही. ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, पण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि तो उपायही अपुरा पडतो. म्हणून दारावर खर्च करण्याआधी खुराड्याला वरच्या बाजूने मजबूत, बारीक जाळीचे झरोके हवेत. फळी लाकडाऐवजी ॲल्युमिनियमची बरी.

दार काय करू शकत नाही, हेही स्पष्ट असावे. मुंगूस दिवसा शिकार करते. तेव्हा दार उघडेच असते. साप आणि घूस दाराची वाट पाहत नाहीत, फटीतून किंवा जमीन उकरून येतात. गावठी कोंबड्यांना झाडावर बसायची सवय असेल, तर दार मिटून उपयोग नाही. आणि दार मोजत नाही. कोंबडीच्या डोळ्यात उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी अधिक आणि मंद प्रकाशासाठीच्या दंडपेशी कमी असतात, त्यामुळे अंधारात तिला फारसे दिसत नाही. मिटलेल्या दाराबाहेर राहिलेली कोंबडी तिथेच बसून राहते आणि सहज सापडते. तेव्हा घरी आल्यावर बॅटरीच्या उजेडात कोंबड्या मोजण्याचे काम उरतेच. संध्याकाळी उशिरा येणाऱ्या घराला दार मधल्या दोन तासांची राखण देते. तेवढ्यासाठी ते घेण्याजोगे आहे, त्याहून अधिकासाठी नाही.

वर्गासाठी

ज्या मुलांच्या घरी कोंबड्या आहेत, त्यांनी महिनाभर रोज पहिली आणि शेवटची कोंबडी आत शिरण्याची वेळ लिहावी. शेजारी दिनदर्शिकेतली सूर्यास्ताची वेळ आणि आभाळ ढगाळ की निरभ्र याची नोंद करावी. शेवटची कोंबडी सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी शिरते, ढगाळ दिवशी हा आकडा बदलतो का, हे आलेखावर मांडावे. दार किती वाजता मिटावे याचे उत्तर त्या आलेखात मिळेल, आणि ते त्याच गावचे, त्याच कोंबड्यांचे असेल.